पडद्याचा रकाना

निकेशने सातव्या संगणकाचं बटण दाबलं आणि वही उघडून बसला. टुं असा बारीक आवाज झाला, पडद्यावर यादी उमटली. त्याने पहिल्या ओळीवर एंटर मारला. पडदा काळा झाला तो झालाच.

"काय झालं?" पूर्वीने विचारलं.

"थांब, सांगतो."

त्याने मनात पन्नास मोजले. मग म्हणाला, "नाही घेत गं. पडदा चालवणारं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे, लिनक्सला त्याची ओळखच पटत नाही."

तळोज्याच्या एका कारखान्याने आपल्या ड्रॉइंगच्या खोलीतले सात जुने वर्कस्टेशन गव्हाणच्या वाचनालयाला देऊन टाकले होते. नवं विंडोज त्यांना पेलवत नव्हतं, म्हणून निकेश दर रविवारी कळंबोलीहून येऊन त्यांच्यावर फुकटातलं लिनक्स चढवत होता. सहा संगणक मुलांच्या वर्गाला आणि सातवा पूर्वीला, असं कमिटीने ठरवलं होतं. पूर्वीला जन्मापासून दिसत नव्हतं. बँकेची परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती आणि सरावाला तिच्याकडे फक्त वाचून दाखवणारा मोबाइल होता.

निकेशचा स्वतःच्या वहीवर फार विश्वास. पडदा, नेटवर्क, कीबोर्ड, आवाज असे चार रकाने. पहिल्यात फुली पडली की पुढचे तपासायचेच नाहीत. पडदाच नाही तर तपासणार काय? सहा संगणक पास झाले होते. सातवा एके काळी सगळ्यांत महागडा, पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मागच्या रविवारीही तो असाच अडला होता. त्याच्या बुटक्या डब्यात मावेल असं दुसरं कार्ड निकेशने पनवेलच्या बाजारात शोधलं होतं. मिळालं नव्हतं. न चालणारा संगणक न्यायला भंगारवाल्याचा टेम्पो चार वाजता यायचा होता.

"मंग त्या सहातला एक दे ना रे बाला," पूर्वीची आई चंद्रावती म्हणाली.

"काकी, ते माझ्या हातात नाही. त्यांच्यावर मुलांची नावं लागलीत."

निकेशला फार वाईट वाटलं, पण वाईट वाटून कार्ड चालत नाही. त्याने पहिल्या रकान्यात फुली मारली.

"दादा, तो टुं कसला होतो?" पूर्वीने विचारलं.

"सुरू झाल्याचा."

"सातही संगणकांवर झाला. आमच्या अंध मुलींच्या ग्रुपवर एकीने सांगितलेलं, असा टुं झाला की एस दाबायचा, मग एंटर. हाच असेल का तो?"

निकेशने संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. टुं झाला. तिने एस दाबला, मग एंटर. पडदा काळा झाला. निकेशने सवयीने पेन उचललं.

तेवढ्यात डब्यातल्या इवल्याशा स्पीकरमधून, सर्दी झालेल्या माणसासारखं, कुणीतरी इंग्रजी बोलू लागलं.

"काय म्हणतोय?" निकेशने विचारलं.

"थांबा, सांगते." तिने मान तिरकी करून ऐकलं. "भाषा कुठली हवी, विचारतोय."

तीन वर्षांत शंभरेक संगणकांवर निकेशने तो टुं ऐकला होता. तो न दिसणाऱ्यांसाठी वाजतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

पुढचा तासभर तो काळ्या पडद्यासमोर नुसता बसून होता. आवाज इतका भरभर विचारायचा की त्याला एक शब्द धड कळेना. पूर्वी त्याला अधूनमधून सांगत होती.

"डिस्कचं विचारतोय. सगळं पुसू?"

"पूस."

शेवटी ती म्हणाली, "झालं. आता परत चालू होईल."

आता तो आपणहून बोलला तरच खरं. पंखा फिरू लागला. तिघंही ऐकत राहिले.

टेम्पोवाला दारातून आत आला आणि त्याने डब्यावर हात ठेवला. "ह्योच ना बंदवाला? पडदा तं काला हाय."

"हळू बोला," निकेश म्हणाला.

टेम्पोवाल्याने हात काढला. पंख्याच्या घरघरीतून तो सर्दीचा आवाज पुन्हा आला.

"काय बोलला गं?" चंद्रावतीने विचारलं.

"नाव विचारतोय, आई," पूर्वी म्हणाली आणि टाइप करू लागली.

निकेशने मागे हात घालून पडद्याची वायर काढून टाकली. आवाज चालूच राहिला.