पदर सुटले पाहिजेत

उत्तराबाई ओट्यापाशी घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. हात प्लास्टरमध्ये गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुखण्याचं नव्हतं. कोपर स्टेशनजवळच्या गल्लीतलं 'उत्तरा पोळी-भाजी केंद्र' त्यांनी एका शेगडीवर उभं केलेलं. भाज्या मदतीला असलेली कलावती करायची, आणि फर्मास करायची. पण पोळपाटाला दुसऱ्या कुणी हात लावलेला बाईंना खपत नसे. आता आली का पंचाईत!

"आई, दुकान बंद नको ठेवायला," सून ऋजुता म्हणाली. ती घोडबंदर रोडवर कंपनीत नोकरीला. पोरगी गुणाची, सासूवर जीव टाकणारी, पण डोक्यात सदा शॉर्टकट. "एकदा दुसरीकडची सवय लागली की गिऱ्हाईक परत नाही यायचं. आमच्या कॅन्टीनला एक फॅक्टरी पोळ्या देते. अर्ध्या भाजलेल्या येतात, आपण नुसत्या गरम करायच्या. स्वस्तही पडतात. आणि हे बघा, पाकिटावर चक्क 'घडीची पोळी' लिहिलंय!"

बाईंनी डाव्या हाताने आणि दातांनी मिळून पाकीट फोडलं. आतली प्रत्येक पोळी रुमालासारखी चौघडी करून ठेवलेली. बाई बघतच राहिल्या. मग अशा काही हसल्या की प्लास्टरमधला हात ठणकला.

"अगं, ह्या मेल्यांनी भाजून झाल्यावर घडी घातलीय! घडी लाटताना घालतात गं. तेल लावायचं, पिठी भुरभुरायची, दुमडायचं, परत दुमडायचं आणि मग लाटायचं. म्हणून तर आत पदर सुटतात. हे काय, इस्त्रीचे कपडे आहेत?"

ऋजुतालाही हसू आवरेना, तरी तिने हेका सोडला नाही. "पण आई, कळणारेय कुणाला? भाजीत बुडवून खातात लोक."

बाईंचं हसू थांबलं. "मला कळेल ना! माझ्या घरच्या ताटात जे मी वाढणार नाही, ते माझ्या नावाच्या पाटीखाली विकायचं? त्यापेक्षा कुलूप घालीन."

कुलूप नाही घातलं, पण दारात पाटी लागली: 'पोळी मिळणार नाही'. येणारे पाटी वाचून पुढे जात. पुढच्या चौकात नवं दुकान होतंच. तिथल्या पिशव्या हातात घेऊन आपलीच माणसं नजर चुकवत जाताना दिसली, की बाई दाराकडे पाठ फिरवायच्या. ऋजुता म्हणाली ते खरंच होतं. हात बरा होईल, पण गिऱ्हाईक?

एका दुपारी त्यांचे यजमान त्र्यंबकराव शर्टाच्या बाह्या वर सारून ओट्याशी येऊन उभे राहिले. पोस्टातून रिटायर झालेले, अबोल गृहस्थ.

"तू सांग. मी करतो."

"तुम्ही? अहो, चहात साखर किती टाकू ते अजून मला विचारता!"

"म्हणूनच म्हटलं, तू सांग."

कल्याणच्या बाजारातून निवडून आणलेला गहू, गल्लीतल्या गिरणीत दळलेला, त्यामुळे पिठात खोट नव्हती. खोट होती ती हातात. पहिली कणीक इतकी सैल झाली की त्र्यंबकरावांच्या मनगटापर्यंत चढली. पहिली पोळी पोळपाट सोडेना. बाई शेजारी स्टुलावर बसून तोंडाचा पट्टा चालवत होत्या. "अहो, लाटणं आहे ते, पोस्टाचा शिक्का नव्हे! कडा आधी, मध्य नंतर. आणि कणीक कानाच्या पाळीसारखी मऊ हवी. बघा चाचपून! माझी नाही हो, स्वतःची!" कलावती पदरात तोंड घालून हसत होती.

फसलेल्या पोळ्या घरात खपत होत्या. एकदा ऋजुता दमून आली, ओट्याशी उभ्यानेच तव्यावरची गरम पोळी तुपाशी खाल्ली. आकार वेडावाकडाच होता. तिने दुसरी मागितली, मग तिसरी. मग कुणी काही विचारायच्या आत तिनेच फॅक्टरीला फोन लावला आणि बोलून ठेवलेल्या पोळ्या नको म्हणून सांगितलं.

"आज विकू या का?" त्र्यंबकरावांनी एके दिवशी भीत भीत विचारलं. पोळी गोल होती, फुगलीही होती. बाईंनी काठ उकलून पाहिला. काठाला पदर नव्हते.

"नाही."

त्र्यंबकरावांचा चेहरा पडला. बाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. नवऱ्याची म्हणून सूट दिली असती तर पाकिटातली काय वाईट होती? त्र्यंबकरावांनी मुकाट्याने परातीत नवं पीठ घेतलं.

आणि मग एका सकाळी बाईंनी तव्यावरची पोळी डाव्या हाताने उचलून पोळपाटावर उभी आपटली. भसकन वाफ निघाली आणि पदर सुटले, अगदी काठापर्यंत. बाई कलावतीला म्हणाल्या, "दारातली पाटी काढ."

संध्याकाळी पहिल्या आल्या त्या समीक्षाबाई. शाळेत मास्तरीण, नाव समीक्षा आणि स्वभावही तसाच. काउंटरवरच पोळी उकलून बघायची त्यांना खोड होती. आजही उकलली, एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला.

"काकू, हात बरा झाला वाटतं! हा तुमचाच हात, लपतोय होय?"

बाईंचं प्लास्टर पदराखाली होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. नाव राहिलं असतं, गल्लीभर गाजावाजा झाला असता की उत्तराकाकू परत आल्या. बाईंनी क्षणभर आपल्या नावाच्या पाटीकडे पाहिलं. मग पदर बाजूला सारून पांढराशुभ्र हात सरळ काउंटरवर ठेवला.

"माझा कुठला? हा बघा माझा, अजून तसाच आहे." आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा हात ह्यांचा आहे! अहो, ऐकलंत का? बाहेर या जरा, समीक्षाबाईंना दिसू दे!"

"आत्ता नाही!" आतून त्र्यंबकराव खेकसले. "तव्यावर पोळी आहे!"