दांड्याचं टोचन

मला गाडी चालवता येत नाही, पण ओढून नेल्या जाणाऱ्या गाडीत बसायला माझ्याएवढी हुशार बाई अख्ख्या हिवरखेडात नसेल. हसण्यासारखं काही नाही यात. आमची जीप जुनी. माझ्या भावानं, वामनदादानं, ती लिलावात घेतली तेव्हाच तिचं अर्धं आयुष्य संपलं होतं, आणि उरलेलं अर्धं तिनं रस्त्याच्या कडेला उभं राहून काढलं. झेंडू घेऊन अकोटच्या बाजारात जावं आणि येताना तिनं बसकण मारावी, हे ठरलेलं. मग दादा कुणाचा तरी ट्रॅक्टर आणायचा, दोर बांधायचा, स्वतः ट्रॅक्टरवर बसायचा आणि मला मागं जीपच्या स्टिअरिंगवर बसवायचा. याला आम्ही टोचन म्हणतो.

दोराच्या टोचनाला मागं माणूस लागतोच. दोर ओढतो, थांबवत नाही. पुढच्याचा वेग कमी झाला की मागच्यानं ब्रेक दाबायचा, नाहीतर जाऊन आदळायचं. दोर सैल पडला तर चाकाखाली येतो, म्हणून तो कायम ताणलेला ठेवायचा. मला हे सगळं पाठ होतं. लोक दादाला विचारत, बाईमाणसाला कशाला बसवतोस? तो म्हणायचा, "जयवंता मागं असली का मले पुढं घोर नाई." माझं एवढं कौतुक आयुष्यात दुसऱ्या कुणी केलं नाही.

मी नवऱ्याच्या घरून लवकर परत आले ती भावाकडेच राहिले. वहिनी गेली तेव्हा त्यांचा गजेंद्र रांगत होता. त्याला मी वाढवलं. आता तो अमरावतीला असतो, नोकरी बरी आहे, बायको रागिणी गुणाची आहे, फ्लॅट आहे. मागच्या दिवाळीनंतर दादा गेला आणि या घरात मी एकटी उरले. मला वाटायचं, मी मूळचीच तिरसट, मला कुणाची गरज पडायची नाही. पण तिरसट माणसालासुद्धा समोर कुणीतरी लागतं. भाजीत मीठ जास्त पडलं तर कुणी बोलत नाही, कमी पडलं तरी बोलत नाही. संध्याकाळी तोंड उघडावं तर नुसती जांभई निघते.

अशात गजेंद्रचा फोन आला. "आत्या, जीप इकडं घेऊन येतो. बाबाची गाडी हाय, दुरुस्त करून ठेवतो. रविवारी टोचन करून नेतो."

मी फोन ठेवला आणि तिथल्या तिथं ठरवून टाकलं. टोचन म्हणजे मागं माणूस, आणि माणूस म्हणजे मी. मला अमरावतीला जायचं होतं. पाहुणी म्हणून नाही, राहायला. पण ज्याला कडेवर खेळवलं त्याच्यापुढं पदर पसरणं माझ्यानं होत नाही. जीपमध्ये बसून गेले असते तर मागायचा प्रश्नच नव्हता. एकदा दारात पोचलेल्या आत्याला कोण एसटीत बसवून परत पाठवतं? मी एका पिशवीत दोन लुगडी, चष्मा आणि बीपीच्या गोळ्या भरल्या आणि पिशवी जीपच्या सीटखाली सरकवून दिली.

रविवारी गजेंद्र त्याची मोठी गाडी घेऊन आला. सोबत अकोटचा वेल्डिंगवाला देवीदास होता. देवीदासनं गाडीतून लोखंडाचं एक लांबलचक धूड उतरवलं. दोन पाय, ते पुढं जाऊन एका ठिकाणी मिळालेले.

"हे काय आनलं रे?"

"टोचनाचा दांडा, आत्या," गजेंद्र म्हणाला. "हे दोन पाय जीपले, अन हे तोंड माह्या गाडीच्या हुकाले. मी वळलो का जीप वळते, मी थांबलो का जीप थांबते. मागं मानूस बसाले लागत नाई."

"मानूस नाई?"

"नाई ना. तुले एवढ्या उन्हाचा तरास कायले द्याचा? म्हनून त खास बनवून घेतला."

माझ्या काळजीपोटी पोरानं माझीच जागा काढून टाकली होती. रागावायचं तरी कुणावर? मी चहा ठेवायला आत गेले आणि उगाच भांडी आपटली.

चहा झाल्यावर देवीदासनं दांड्याचे पाय जीपच्या बंपरला लावून पाहिले. रुंदी बरोबर बसली. तो खूश झाला आणि भोकांच्या खुणा करायला त्यानं खडू काढला. तो बंपर फक्त दिसायला बंपर होता. दादानं एकदा बाजाराच्या फाटकाला जीप ठोकली होती. त्यानंतर बंपरची एक बाजू पत्र्याच्या पट्टीवर लटकवून वर जाड काळा रंग थापला होता. रंग मीच दिला होता. ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, आणि त्यातला एक गेला होता.

मी पायरीवर लसूण सोलत बसले आणि ठरवलं की आपण काही बोलायचं नाही. गावाबाहेरच्या नाल्यात पहिला खड्डा लागला की बंपर उपटून हातात येणार. गजेंद्र कपाळाला हात लावणार. मग दोर शोधणार. आणि दोर सापडला की त्याला आत्या आठवणार. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि आयुष्यात तेवढंच मला कधी जमलेलं नाही.

ड्रिल सुरू झालं. मी लसूण सोलत राहिले, पण डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. नाला पार झाला तर? बंपर दर्यापूरच्या रस्त्यावर निसटला तर? सुटलेली जीप, आणि समोरून माणसांनी खच्चून भरलेली काळीपिवळी टॅक्सी. लसणाची ताटली बाजूला ठेवून मी उठलेच.

"अरे बयताडा, बंपरले कायले भोकं पाडून राहिला! थो नुसता रंगावर उभा हाय. आत चासीले लाव!"

देवीदासनं ड्रिल बंद केलं, गुडघ्यावर बसून हातोडीनं बंपर ठोकला. रंगाचा पापुद्रा आणि गंजाचा भुगा खाली पडला.

"बरं झालं मावशी तुमी बोलल्या," तो म्हणाला. "रस्त्यात जीव गेला असता कोनाचा."

मग त्यांनी बंपर काढून टाकला. देवीदासनं जाड पट्ट्या कापल्या, जीपच्या खालच्या मुख्य सांगाड्याला दोन्हीकडून बोल्टनं आवळल्या, आणि दांड्याचे पाय त्या पट्ट्यांत असे बसवले की खड्ड्यात ते वरखाली हलतील. त्याला पलीकडून नट धरायला कुणीतरी हवं होतं. गजेंद्र फोनवर होता. मी पाना घेतला आणि खाली बसले. लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात म्हणे. मी तो उचलून, पुसून, नीट मापात बसवून घेतला.

दांडा पक्का झाला. गजेंद्रनं त्याची गाडी मागं घेतली, हुकात तोंड अडकवलं, खिळा घातला.

"आता थो छोटा गियर न्यूट्रल कर," मी देवीदासला सांगितलं. "नाईतं चाकं फिरतीन तशी आतली गियरची पेटी फिरत राहीन अन जळीन."

देवीदास जीपमध्ये वाकला. छोटा गियर घट्ट झाला होता, तो ओढताना त्याचा पाय सीटखाली लागला.

"मावशी, हे पिशवी कायची हाय?"

"चिंध्या हाय," मी म्हणाले. "गाडी पुसाच्या."

तोंडातून निघून गेलं. देवीदासचे हात ग्रीसनं काळे झाले होते. त्यानं पिशवीत हात घातला, वरचं कापड ओढलं आणि हात पुसले. ते माझं मोरपंखी लुगडं होतं, गजेंद्रच्या लग्नातलं.  लुगड्याबरोबर चष्म्याचं घर आणि गोळ्यांची पट्टी खाली मातीत पडली.

गजेंद्रनं पट्टी उचलली. उलटीपालटी करून वाचली. मग लुगड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आत्या," तो म्हणाला, "तू येतं काय अमरावतीले?"

आता आमच्याकडची रीत सांगते. पहिल्या बोलावण्याला कुणी हो म्हणत नाही. चहा विचारला तर पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'आताच झाला', आणि तिसऱ्यांदा 'बरं, तुम्ही ऐकतच नाही तर अर्धा कप'. जेवणाला तसं, मुक्कामाला तसं. पहिला नकार हा नकार नसतोच. समोरच्यानं पुन्हा म्हणावं म्हणून ठेवलेली ती जागा असते. एका दमात हो म्हणणाऱ्या माणसाला आम्ही हावरट म्हणतो. माझा पहिला नकार ओठावर होता. दुसरा त्याच्या मागं तयार होता. त्याच्याही मागं काय होतं ते मला चांगलं माहीत होतं.

"मले काय काम अमरावतीले?" मी म्हणाले. "इथं झेंडू कोन तोडीन?"

आणि थांबले.

गजेंद्रनं गोळ्या पुसल्या, चष्म्याच्या घरात ठेवल्या, सगळं पिशवीत घालून पिशवी माझ्या हातात दिली.

"खरं हाय तुयं," तो म्हणाला. "फ्लॅटमदे तुले करमनार बी नाई."

त्यानं माझा शब्द राखला. पंधरा वर्षं तो अशा लोकांत राहतोय, जिथं नाही म्हणजे नाही, आणि दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे दुसऱ्याला लाजवणं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. असतं तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते.

देवीदास लुगड्यासाठी सारखा माफी मागत होता. "असू दे रे," मी म्हणाले, "जुनंच त होतं." गजेंद्र माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. तो उठला. देवीदासला घेऊन गाडीत बसला. काच खाली करून म्हणाला, "दिवाळीले येतो आत्या. बीपीच्या गोळ्या घेत जा."

गाडी निघाली. अंगणाच्या वळणावर मागं जीप शहाण्यासारखी वळली. तिचं स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं, सीट रिकामी होती. आमच्या फाटकातून गावाबाहेरचा नाला दिसतो; गाडी तिथं उतरेपर्यंत मी फाटकात येऊन पोचले. दांड्यानं जीप अलगद उतरवली आणि तशीच वर नेली. दोराला एवढं जमलं नसतं, हे मान्य केलं पाहिजे.

धूळ बसेपर्यंत मी फाटकात उभी होते. मग परत अंगणात आले. जीपच्या जागी तेलाचा ओला डाग राहिला होता. शेजारी कुणी बाहेर नाही ना, एवढं बघून घेतलं आणि दुसरा नकार देऊन टाकला.

"नको रे बापू, तुमाले कायले माही अडचन."

थोडं थांबले. जेवढं थांबायची रीत आहे तेवढंच.

"बरं बापा," मी म्हणाले, "तू इतकं म्हनून राहिला त येतो."