मालकाचा सुंदर कॉल

पंचवीस वर्षं मी धारगळच्या मैदानावर क्रिकेटची कॉमेंट्री करतो. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा आणि हल्लीचे टीममालक हे एकाच माळेचे मणी, असं मी माइकवरून कितीदा तरी सांगितलंय. तिकडे गाण्यापेक्षा रडगाणं मोठं, परीक्षक ठरल्या वेळी डोळे पुसतात. इकडे सभागृहात लिलाव होतो, मालक हात वर करून खेळाडू घेतात, आणि ज्याने टीम घेतली तो बॅट धरता येत नसली तरी ओपनिंगला उतरतो. गेल्या वर्षी आमच्या लीगमधला एक मालक, गौरेश, असाच उतरला तेव्हा मी म्हटलं, "बाजारात बांगडे घ्यावेत तशी टीम घेतली, आता तळायलाही तेच आले!" अख्खं मैदान हसलं. गौरेश हसला नाही.

आणि यंदा माझीच मुलगी सिद्धी त्या टीव्हीच्या स्पर्धेत शेवटच्या सहांत पोचली.

चॅनलवाले घरी शूटिंगला आले होते. खाण बंद पडल्यापासून खनिज वाहणारा माझा ट्रक अंगणात गंजत उभा आहे. त्याच्या बाजूला उभे राहा आणि जरा रडा, म्हणाले. मी म्हटलं, मुलगी गायला आलीय, माझ्या ट्रकची कथा सांगायला नव्हे. त्यांनी कॅमेरे गुंडाळले. तेव्हा मला माझा फार अभिमान वाटला होता.

दर शनिवारी कार्यक्रम संपला की मुंबईहून तिचा फोन यायचा. "बाबा, खरा सांग, कसा झाला?" बाकी सगळे वा वा करायचे. मी सांगायचो, दुसऱ्या अंतऱ्यात श्वास तुटला, वरच्या सुरावर घाई केलीस. ती मुकाट ऐकायची, आणि पुढच्या शनिवारी ती चूक नसायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तिचा घसा बसला. वरचा सूर लागलाच नाही. शेवटी तळाच्या दोघींत तिचं नाव पडद्यावर आलं. दुसरी मुलगी तिच्यापेक्षा चांगली गायली होती, हे मला ऐकू आलं होतं. मतदान रविवारी संध्याकाळी सहापर्यंत, एका फोनवरून पन्नास मतं, आणि कमी मतंवाली बाहेर. तिचा फोन वाजत राहिला. मी उचलला नाही. काय सांगणार होतो?

रविवारी सकाळपासून मी हायवेवरची दुकानं धरली. प्रत्येकजण "घालूया, घालूया" म्हणाला आणि फोन खिशातच ठेवला. एकाचा कॅच सुटलेला मी माइकवर तीनदा सांगितला होता, एकाच्या पोटावर विनोद केला होता. अकरा वाजता घरी आलो तर विनिता, माझी बायको, दारातच उभी.

"तोंडान सगळ्यांका तोडलात. आता चेडवाक मतां कोण घालतलो?"

तिचं खरं होतं. सिद्धी तुयेच्या कंपनीतली नोकरी सोडून गेली होती. परत आली तर ती तरी मिळेल की नाही, देव जाणे. मला घरात बसवेना. मी मैदानावर गेलो. तीनला लीगची फायनल होती आणि गौरेश स्वतः पिचवर चुना मारून घेत होता.

"गौरेश, तुझ्या पाया पडतंय."

"बांगडेवाल्याच्या?" तो म्हणाला. मग चुन्याचे हात झटकले. "माझ्या ग्रुपार चारशे जण आसत, काका. एक मेसेज टाकलंय की झाला. पण आधी आज माइकार माझा नाव कसा घेतात, ता बघतंय."

मॅच शेवटच्या षटकापर्यंत आली. दहा धावा हव्या होत्या. एका टोकाला गौरेश, दुसऱ्या टोकाला डिचोलीचा साईश, एकट्याने डाव ओढून आणलेला. गौरेशने चेंडू सरळ पॉइंटच्या हातात मारला आणि "यस!" असा कॉल देत धावत सुटला. साईश "नाय, नाय!" ओरडत राहिला. मालक त्याच्या टोकाला येऊन उभाच राहिला तेव्हा त्या पोराने स्वतः क्रीज सोडली आणि रनआउट झाला. सगळ्यांनी पाहिलं. सगळ्या माना माझ्या कॉमेंट्रीच्या मचाणाकडे वळल्या, कारण आता मी काय बोलणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. घड्याळात साडेपाच वाजले होते.

"मालकाचा सुंदर कॉल!" मी म्हणालो. "साईश थोडा झोपला. साईशचीच चूक."

कोणी हसलं नाही. साईश बाहेर जाताना मचाणाखाली थांबला, हेल्मेट काढून माझ्याकडे बघत राहिला. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. तेवढ्यात गौरेशने सीमारेषेवरच्या भावाला हात केला, त्याने ग्रुपवर मेसेज टाकला, आणि मांडवाखाली सगळ्यांनी फोन बाहेर काढले. टीम हरली. पण मतं पडली.

सोमवारी सकाळी फोन आला.

"बाबा, मी रवलंय! बाहेर पडूक नाय!"

विनिता देवासमोर धावली. मी खुर्चीत बसलो.

"शनिवारी तू फोन उचललंस नाय," सिद्धी म्हणाली. तिचा आवाज अजून बसलेलाच होता. "आता खरा सांग. गाणा कसा झाला?"

"सुंदर!" माझ्या तोंडून निघून गेलं. "फस्क्लास! घसो बसलेलो कळलो पण नाय."

 

"काल मी मॅच बघी होतंय," ती म्हणाली. "मोबायलार लाइव्ह होती. साईशची चूक नव्हती, बाबा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता माझा गाणा कसा झाला, ता मी कोणाक विचारू?"