वधूचे हुबेहूब चित्र

खुर्चीवर बसलेल्या मुलीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. चित्रकारांना त्याचे नवल वाटले नाही. शहरातील बड्या घराण्यांत लग्नाच्या सभागृहात वधूचे तैलचित्र लावण्याची रीत होती, आणि ते त्यांच्याच हातचे हवे असे. बारा-तेरा वर्षांची मुलगी ते चित्रात विशीची करून देत. त्यांची खरी ख्याती ती होती.

"गाल थोडे ओढून घ्या, खांदे भरा," मुलीच्या आई, गिरणीमालकीणबाई, म्हणाल्या. "हिच्या थोरल्या बहिणीला केलं होतंत तसंच."

"थोरली बरी आहे ना?"

"पहिल्याच बाळंतपणात गेली." बाईंनी मुलीच्या केसांची बट मागे सारली. "इतका चांगला जावई हातचा कशाला घालवायचा? म्हणून आता हिला देतोय."

बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या, तशी मुलगी हळूच म्हणाली, "काका, मला मोठं नका ना काढू. ताईलाही तुम्हीच मोठं केलं होतंत."

चित्रकारांनी कुंचला खाली ठेवला. ते म्हणाले, "आहेस तशीच काढतो. सगळ्यांसमोर चित्र उघडलं की कुणाला तरी लाज वाटेल. कुणीतरी उठून म्हणेल, थांबवा हे."

"नक्की?"

"नक्की."

आयुष्यभर खोटे रंगवून मोठा झालेल्या त्या माणसाला वाटले, एकदा खरे रंगवले की आपले काम संपले. चावून सोललेला ओठ, काटकुळे खांदे, अधांतरी पाय. त्यांनी काहीही लपवले नाही. चित्र झाकूनच सभागृहात नेले.

पडदा सरला. सगळ्यांच्या माना चित्राकडे वळल्या. गिरणीमालकीणबाईंच्या कपाळावर आठी उमटली. चष्मा सावरत न्यायाधीशसाहेब पुढे झाले आणि चित्र निरखून म्हणाले, "वा! हुबेहूब."

टाळ्या पडल्या. बाईंची आठी विरली.

"पाय तेवढे टेकवायचे राहिले की हो," मुलीचे मामा म्हणाले. "घाईत होतात वाटतं?" सगळे हसले. नवरदेवही हसले.

एक डॉक्टरीणबाई चित्रकारांकडे झुकल्या. "आमच्या नातीचंही असंच काढा हं. अगदी निरागस."

तेवढ्यात नटवलेली मुलगी जड वस्त्रे सावरत त्यांच्याजवळ आली. "काका, सगळ्यांनी बघितलं ना?"

"बघितलं."

"मग कुणी उठलं का नाही?"

लग्न लागायला अजून अवकाश होता. पहिल्या रांगेतल्या मानाच्या खुर्चीत चित्रकार बसूनच राहिले.