फोर्डचे चार प्लग

माझ्या तोंडाले लागू नका, असं सक्करदऱ्यात सगळे म्हणतात, अन् बरोबरच म्हणतात. भिवापुरी मिरची कांडून कांडून जीभही तिखट झाली माझी. नवरा गेला तेव्हापासून कांडपाची गिरणी मी एकटीनं चालवली, कोणाच्या बापाले भ्याली नाही. पण ज्या वर्षीची गोष्ट सांगून राहिली, बहात्तर सालची, त्या वर्षी माझ्या तोंडाचा काही उपयोग नव्हता. माझी लहान बहीण जया कन्हानले मार खाऊन राहिली होती, अन् आम्ही नागपुरात बसून नुसते हात चोळत होतो.

तिचा नवरा ताराचंद. कन्हानले त्याचं भंगाराचं यार्ड होतं. लिलावातल्या मिलिटरीच्या गाड्या आणायच्या, फोडायच्या, लोखंड विकायचं. गाड्या फोडता फोडता हा माणसंही फोडायले शिकला. जया दोनदा पळाली. दोन्ही वेळा त्यानं तिले मोटार स्टँडवरून वेणी धरून ओढत परत नेलं, भर लोकांत. रिक्षावाले त्याचे, पानठेलेवाले त्याचे, ती दिसली की पहिली खबर त्याले. माझा भाऊ बळीराम सायकलनं तिले आणायले गेला, तर ताराचंदनं जॅकच्या दांड्यानं त्याचा जबडा मोडला. बळीराम अजूनही भात चावत नाही, गिळतो. ठाण्यात गेलो तर म्हणे, घरचा मामला आहे, घरी मिटवा. घरीच तर तो तिले मिटवून राहिला होता!

म्हणून आपली गाडी पाहिजे होती. अन् गाडी होती.

आमचा बाप, दादाजी, भिवापूरकडच्या एका मालगुजाराचा ड्रायव्हर. मालगुजारी गेली, पाठोपाठ मालगुजारही गेला, अन् जाता जाता तीस सालची फोर्ड बापाले देऊन गेला. बापानं ती मले चालवायले शिकवली, बळीरामले नाही, कारण बळीराम हॉर्नलेही दचके. त्या गाडीत स्टेअरिंगखाली डाव्या हाताले एक कांडी आहे. कांडी वर असली की प्लग उशिरा पेटते, खाली ओढली की लवकर पेटते. हांडल मारून, म्हणजे इंजिनाच्या पुढून लोखंडी दांडा फिरवून, गाडी सुरू करायची तर कांडी वरच पाहिजे. खाली राहिली तर इंजिन उलटा झटका देते अन् हांडल माणसाचं हाड मोडून टाकते. बापाचा एक मंत्र होता, "कांडी वर, अंगठा बाहेर." अंगठा बाहेर म्हणजे हांडलाले मिठी मारायची नाही. अंगठा चार बोटांच्याच बाजूले ठेवायचा, मग झटका आला तरी हात सुटून जाते. हे मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की झोपेत विचारलं तरी सांगीन.

बापानंतर गाडी गोठ्यात पडून होती. मी टाकी धुतली, पट्टा बदलला, पण चारही प्लगांची चिनीमाती तडकली होती. सीताबर्डीवर गेली. दुकानदारानं माझा जुना प्लग हातात घेतला अन् खदखदून हसला.

"बाई, हा प्लग आहे का खलबत्त्यातला बत्ता?"

आजकालचे प्लग बोटाएवढे. माझ्या इंजिनाच्या भोकात अंगठा जाते, त्यात ते काय डोंबल बसतील! मोमिनपुऱ्यातल्या एका भंगारवाल्याकडे आटे बसणारे प्लग निघाले, पण ते होते गरम प्लग. गरम म्हणजे आतलं चिनीमातीचं नाक लांब, उष्णता धरून ठेवणारं. थंडीच्या मुलखात ठीक आहे. आपल्या मे महिन्यात कन्हानच्या वाटेत कामठी येईपर्यंत असा प्लग निखारा होते, इंजिन ठोकायले लागते, पिस्टन जळून जाते. मग रस्त्यात मी, रस्त्यात जया, अन् मागून ताराचंद. मले आखूड नाकाचे, थंड प्लग पाहिजे होते.

भंगारवाल्यानं दाढी खाजवली. "ऐसा माल एकही आदमी के पास मिलेगा, बाई. कन्हान में. ताराचंद."

घ्या! ज्याच्या घरातून बहीण काढायची, त्याच्याच दारात हात पसरायचा. रागानं मी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कन्हानले गेली.

"आकडसासू माझ्या दारात? बाप्पा!" ताराचंद खाटेवर लोळत होता. बायकोच्या मोठ्या बहिणीले आमच्याकडे आकडसासू म्हणतात. "मले वाटलं, भावाच्या थोबाडाचा हिशेब मागाले आली."

"झालं गेलं विसरा, जवाईबापू," मी म्हटलं. "मामाच्या पोराचं लग्न आहे. नवरदेवाले बापाच्या फोर्डमध्ये मिरवायचं म्हणतात. प्लग नाहीत."

त्यानं एक डबा माझ्या पुढ्यात उलटा केला. मी उकिडवी बसून निवडायले लागली. आटे पाहिले, नाक पाहिलं, तडा गेलेला असला की फेकला. लांब नाकाचे सारे बाजूले केले. मूठभर चांगले उरले.

"जया!" त्यानं हाक मारली.

जया आली. एक डोळा सुजून बंद झाला होता. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

यार्डात फळीवर एक जुना मॅग्नेटो ठोकला होता, फिरवला की ठिणगी देणारा. प्लग तपासायची रीत साधी आहे. प्लगाले वायर लावायची, त्याचं अंग लोखंडाले टेकवायचं, मॅग्नेटो फिरवायचा. टोकावर निळी ठिणगी उडाली की प्लग चांगला. ताराचंदनं वायर लावली अन् प्लग जयाच्या हातात दिला. तिनंही तो मुकाट धरला.

"लोखंडावर ठेवा ना, जवाईबापू!"

"लोखंड बोलत नाही. ही बोलते."

त्यानं मॅग्नेटो फिरवला. जयाचं सारं अंग ताडकन उडालं, दातावर दात आपटले. ती ओरडली नाही. ओरडलं की हा पुन्हा फिरवते, हे तिले माहीत झालं असेल. ताराचंद हसला अन् दुसरा प्लग तिच्या हातात दिला.

बाजूलेच ट्रकच्या स्प्रिंगचा एक पाटा पडला होता. तो उचलून त्याच्या टाळक्यात घालावा म्हणून माझा हात गेलाही. तेवढ्यात जयानं माझ्याकडे पाहिलं अन् मान हलवली, अगदी थोडी. नको. तिले समजलं होतं की मी मामाच्या पोरासाठी आली नाही. मी "राहू द्या" म्हटलं असतं तर तिची त्या वेळेची सुटका झाली असती, अन् जन्माची गेली असती. मीच निवडलेले प्लग होते ते, एकेक तिच्या हातात जात होता, अन् मी पदर दातात धरून पाहत बसली. देवा, असं बसणं वैऱ्यावरही येऊ नये.

ज्या चार प्लगांले ती सगळ्यांत जास्त उडाली, ते त्यानं माझ्या ओटीत टाकले. "घ्या. लग्नाचा आहेर."

जयानं मले पाणी आणून दिलं. बोटांच्या टोकांवर काळे डाग होते, जुने अन् नवे. मी भांडं घेता घेता पुटपुटली, "बाजाराच्या दिवशी, दुपारी, बाजाराशेजारच्या वडाखाली. आहे तशी निघ."

ती म्हणाली, "बाई, प्लग चांगले आहेत ना वं?"

मी उठली अन् चालायले लागली.

बाजाराच्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चपलेले चिकटे. पण प्लग! मी बसवले, हांडल मारलं, अन् पहिल्याच फेऱ्यात इंजिन बोललं. कन्हानपर्यंत एकदा ठोकलं नाही. वडाखाली मी गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. बॅटरीत ठिणगीपुरताच जीव होता, स्टार्टर फिरवण्याइतका नव्हता; गाडी बंद पडली तर हांडलाशिवाय सुरू होणार नव्हती. कनवटीले मिरचीची पुडी होती, पण वारा नेमका माझ्याच तोंडावर येऊन राहिला होता.

जया पिशवी घेऊन आली, लगबगीनं मागे बसली. मी गिअर टाकणार, तोच खिडकीतून एक हात आत आला अन् त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद.

"नवरदेव कुठं आहे, आकडसासू?"

अन् मले अशी थप्पड बसली की ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. मी पुडीले हात घातला, तर त्यानं मनगट पिळून पुडी रस्त्यावर पाडली. मग मागे वाकून जयाच्या थोबाडीत दिली, एक, दुसरी, तिसरी. अर्धा बाजार पाहत होता. कांदे तोलणारा तराजू धरून तसाच उभा राहिला. एक माय का लाल पुढे आला नाही.

"प्लग माझे, बायको माझी," तो म्हणाला, "आता गाडीही माझी. इथून यार्डात घ्यायची. आज तुमच्यासमोर फोडतो हिले, मग तुम्हाले पाहतो."

त्यानं मले स्टार्टर दाबायले लावला. गाडी हूं की चूं करेना.

"बॅटरीत दम नाही," मी म्हटलं. "हांडल मारावं लागते."

"मी मारतो. तू हललीस तर याच हांडलानं तुहा जबडा मोडीन, भावासारखा." पुढं जाऊन त्यानं हांडल बसवलं अन् ओरडला, "चावी लाव!"

मी चावी लावली. काचेतून मले त्याचा हात दिसत होता. त्यानं हांडलाले पाची बोटांनी गच्च मिठी मारली होती, अंगठ्यासकट. जन्मभर त्यानं अशा गाड्या फोडल्या, पण चालवली एकही नव्हती. माझा डावा हात कांडीवर होता. कांडी वर होती, बापानं शिकवली तशी.

मी ती खाली ओढली, पार शेवटपर्यंत.

त्यानं अंगातला सगळा जोर लावून हांडल ओढलं. प्लग खणखणीत होते, तपासलेले होते. इंजिन धाडकन उलटं फिरलं. वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज आला, अन् ताराचंद गुरासारखा हंबरला. खाली उतरून पाहते तर मनगटाच्या वर हात भलतीकडेच वाकला होता अन् हाड कातडीतून बाहेर आलं होतं. खरं सांगते, मले बरं वाटलं. लोकांनी काही म्हणो, मले फार बरं वाटलं.

मी कांडी वर केलीच होती. हांडलाले हात घालते, तर पडल्या पडल्या त्यानं डाव्या हातानं माझा पाय धरला अन् मले खाली पाडलं. गुडघा फुटला. तो माझ्या गळ्याकडे सरकून राहिला होता, तेवढ्यात जया उतरली. तिच्या हातात गाडीतला प्लग खोलायचा पाना होता. तिनं तो त्याच्या बोटांवर मारला. बोटं सुटली तरी मारला, पुन्हा मारला. रक्त तिच्या लुगड्यावर उडालं. मी तिले थांबवलं नाही.

मग मीच म्हटलं, "जया वं, बस गाडीत."

अंगठा बाहेर ठेवून मी हांडल मारलं. पहिल्या फेऱ्यात सुरू. तो पुढं पडला होता म्हणून गाडी मागं घेतली, वळवली. कांदेवाल्यानं हळूच वाट करून दिली. नागपूर येईपर्यंत इंजिन एकदाही ठोकलं नाही.

तो हात पुन्हा सरळ झाला नाही, असं ऐकलं. सक्करदऱ्याले तो कधी आला नाही. पानठेल्यावर पोट्टे हसतात म्हणे त्याले, बायकांनी हात मोडला म्हणून.

जया गिरणीत माझ्यासोबत मिरची निवडायले लागली. डोळा बरा झाला, जेवायले लागली, एकदा तर बळीरामच्या फुरके मारण्यावर हसलीसुद्धा. मले वाटलं, सुटली पोरगी.

पाऊस लागल्यावर गाडी अडखळायले लागली. मी एक प्लग काढला, पुसला, वायर लावली. "जया, हांडल फिरव जरा," म्हणायले मान वर केली, तर ती माझ्याजवळ येऊन उभी होती. डोळे गच्च मिटलेले, दात आवळलेले. अन् प्लग धरायले तिनं हात पुढे केला होता.

कोणी सांगितलं नव्हतं तिले. मी तर नाहीच नाही.

माझ्या हातातून प्लग पडला. मी तिचा हात धरला, ती डाग पडलेली बोटं माझ्या तोंडाशी नेली, अन् नवरा मेला तेव्हा रडली नाही तशी रडली. ती आपली डोळे मिटून तशीच उभी, झटक्याची वाट पाहत.

"लोखंडावर ठेवतात वं," मी म्हटलं, "लोखंडावर ठेवतात, माय."