न उमटलेली रेघ

मित्रांनो, मी एक जुनी अँटिबॉडी आहे. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत, करंगळीच्या पेराएवढ्या कुपीत माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म एका सशाच्या रक्तात झाला. माणसाच्या पेशीतल्या 'मायडी-८८' नावाच्या प्रथिनाचा तुकडा त्या सशाला टोचला होता. ते ओळखण्यासाठी त्याच्या रक्तानं मला घडवलं. हे प्रथिन निरोप्याचं काम करतं. जंतू शिरले की पेशीच्या आत वर्दी देतं. मग ताप चढतो, शरीर लढायला उठतं. रक्ताच्या नमुन्यात ते असेल तर त्याला घट्ट धरायचं, एवढंच माझं काम. मी धरलं की चाचणीच्या पट्टीवर काळी रेघ उमटते.

आता ही प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या चारुशीला मॅडमनी मला मागवलं तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या. माझ्या रेघा इतक्या ठसठशीत यायच्या की त्या शेजारच्या खोलीतल्यांना बोलावून दाखवायच्या. पुढे त्यांचा विषय बदलला. मी फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात पडून राहिले.

यंदा मे महिन्यात एका शनिवारी फ्रीजरचं दार नीट लागलं नाही. सोमवारी जमिनीवर पाणी होतं. तिथं तीस वर्षं काम करणारे गणपतराव मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, दार माझ्याच हातून उघडं राहिलं."

मॅडम रागावल्या नाहीत. "असू द्या. परत गोठवून ठेवा सगळं. वेळ आली की बघू."

मी शाबूत आहे का, हे कुणी तपासलं नाही. दोन दिवस उन्हाळ्यात वितळून माझी पकड सैल पडली होती. पण सांगणार कशी?

जुलैत कामठीहून भागीरथाबाई आल्या. त्या कापडाच्या लूमवर काम करायच्या. कडेवर तीन वर्षांची श्वेता. तिच्या मानेवर गळू, पाचवं.

"हिच्या आधीचा पोरगा असाच गेला, मॅडम. अकरा महिन्याचा होता. ताप बी नव्हता त्याले. हिले काय होऊन राहिलं, ते तरी सांगा."

श्वेताच्या शरीरात मायडी-८८ नसावंच, अशी तिच्या डॉक्टरांना शंका होती. जनुकांचा अहवाल बाहेरगावाहून यायला दोन महिने लागणार होते. म्हणून तिचं रक्त माझ्याकडे आलं.

तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली. श्वेताच्या रक्ताच्या जागी रेघ नव्हती. शेजारी मॅडमचं स्वतःचं निरोगी रक्त होतं. तिथं रेघ यायलाच हवी होती. तिथंही काही नव्हतं. म्हणजे चाचणीच फसली होती. प्रथिन माझ्यासमोर होतं, मित्रांनो. मी धरत होते आणि सुटत होते.

नवी कुपी यायला पाच आठवडे लागतात. "मे महिन्यातच मागवायला हवी होती," मॅडम हळूच म्हणाल्या.

पाचव्या दिवशी श्वेता मलूल झाली, ओकली. ताप नव्हता, म्हणून कामठीतल्या दवाखान्यातून औषध देऊन तिला घरी पाठवलं.

इकडे गणपतरावांनी बाही वर केली. "माझं रक्त घ्या, मॅडम. आन् कुपीत जे उरलं ते सारंच टाका आता."

माझा शेवटचा थेंबही ओतला गेला. दोन दिवस मी थंडीत त्या पट्टीला चिकटून राहिले. नवव्या दिवशी गणपतरावांच्या जागी फिकट रेघ उमटली. श्वेताची जागा कोरी. रक्ताचा अंश दोन्हीकडे सारखाच होता, हे दुसऱ्या एका अँटिबॉडीनं दाखवलं. म्हणजे या वेळी मी चुकले नव्हते; श्वेताकडे ते प्रथिन नव्हतंच.

मॅडमनी लगेच फोन लावला. डॉक्टरांनी श्वेताला त्याच दुपारी भरती केलं. तिला ताप येणारच नव्हता. जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचले होते.

तिचा जीव वाचला. आता रोजच्या औषधावर ती जगेल. पण घरी जायच्या दिवशी भागीरथाबाईंनी दारातून हाक मारली, "श्वेता, चाल वं." ती वळली नाही. पुन्हा मारली, मोठ्यानं. ती खिडकीकडेच बघत राहिली. त्या आजारात तिचे कान गेले होते.

भागीरथाबाई जवळ गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा ती हसली.

मी आता संपले आहे. गणपतराव माझी रिकामी कुपी टाकायला तयार नाहीत. त्यांनी तर चूक त्याच सोमवारी कबूल केली होती. पण त्यानंतर कितीतरी दिवस एक साधी चाचणी करून मला कुणी काही विचारलं नाही. मित्रांनो, ज्याला धक्का बसलाय, ती वस्तू असो की माणूस, त्याला गरज पडायच्या आधी विचारा, 'तू ठीक आहेस ना?'

मी 'नाही' म्हटलं असतं.