चालू इंजिनातली काडी

सूनबाईने किल्ली फिरवली, डिझेल इंजिनाने घसा खाकरला आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. सहा आठवडे गिअरबॉक्स उघडून हात काळे केले होते ते याच सकाळसाठी!

शेजारच्या सीटवर सासरे बसले होते. चाळीस वर्षं डिझेल इंजिनं उघडून बसवलेला माणूस. मागे नणंद, म्हणजे दवाखान्याची डॉक्टर, मांडीवर लशींची पेटी घेऊन. तिच्या बाजूला दवाखान्याचे व्यवस्थापक, त्यांनी सीटबेल्ट दोनदा ओढून पाहिला होता. सर्वांत मागे पाण्याने भरलेली सहा पिंपं होती. "रिकाम्या गाडीचं कौतुक मला नको," असं व्यवस्थापकांनी आधीच बजावलं होतं.

मामला सरळ होता. डोंगरावरच्या वस्तीपर्यंत जाईल अशी दवाखान्याकडे ही एकच फोर-व्हील ड्राइव्ह, आणि तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन वर्षांत दोनदा जळलेला. आज ती न तापता, न घसरता वर पोचली तर डॉक्टरच्या फेऱ्या चालू राहणार. नाहीतर गाडी विकायची, आणि वस्तीवरच्या माणसांनी नऊ किलोमीटर पायी उतरून खाली यायचं. तापलेल्या लेकरांनी, दिवस भरलेल्या बायकांनीसुद्धा.

"गिअरबॉक्सला असं काय अमृत पाजलंत?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"अमृत कसलं साहेब! आत तेलात बुडालेले दोन पंखे असतात, समोरासमोर. एकाला इंजिन फिरवतं, त्याच्या लोटाने दुसरा फिरतो. चढावर पहिला पळत सुटतो, दुसरा मागे रेंगाळतो, आणि त्या ओढाताणीत तेल उकळतं. आता हे बटण दाबलं की दोघं एकमेकांना धरून फिरतात," सूनबाई म्हणाली.

"म्हणजे लग्नच लावलंय म्हणा," सासरे म्हणाले.

"हो, आणि नवराबायकोची डोकी तापू नयेत म्हणून पुढे मोठा कूलरही बसवलाय!"

नणंद खळखळून हसली. व्यवस्थापक हसले नाहीत. पण तापमानाच्या काट्याकडे मान लांब करून बघू लागले.

चढ लागला. गाडीने तिसरा गिअर घेतला, सूनबाईने बटण दाबलं. आणि काय सांगावं! बुवांनी धृपद घ्यावं आणि सगळ्या टाळकऱ्यांनी एकाच ठोक्यावर समेवर यावं, तशी गाडी एकजीव झाली. इंजिनाचा आरडाओरडा खाली बसला, चाकांनी रस्ता धरला. काटा पंच्याऐंशीवर. तीन किलोमीटर, चार किलोमीटर, काटा पंच्याऐंशीवरच!

"वहिनी, अगं ही तर पळतेय!"

"दृष्ट लावू नका ताई!"

पण लागायची ती लागलीच. पाचव्या किलोमीटरला रस्ता एकदम छातीवर आला, आणि इंजिन भुंकायला लागलं. आवाज वर, गाडी जागच्या जागी. काटा नव्वद, शंभर, एकशे पाच.

सूनबाईने क्षणात पाय उचलला, ब्रेक धरला आणि गाडी हळूहळू मागे घेत वळणावरच्या सपाट जागेवर आणली.

"झालं," व्यवस्थापक म्हणाले. "तिसऱ्यांदा जळला."

"जळलेला नाही. वास कुठे येतोय?" ती खिडकीतून नाक बाहेर काढून म्हणाली. डोकं भराभर चालत होतं. गिअरबॉक्समधले पट्टे नवे, दाब मोजलेला, कूलर मोठा. राहिलं काय? तेल! काल संध्याकाळी तेल मामंजींनी भरलं होतं. तेल मोजायची ओली काडी दाखवून म्हणाले होते, "बरोबर खुणेवर आहे, जा जेवायला." आणि ती गेली होती.

ती त्यांच्याकडे वळून हळूच म्हणाली, "मामंजी, काल काडी बघितलीत तेव्हा इंजिन चालू होतं?"

"चालू इंजिनात काडी कोण घालतं? चाळीस वर्षांत कधी..." म्हातारा मध्येच थांबला. इंजिनाचं तेल बघायचं ते इंजिन बंद करून. पण या गिअरबॉक्सचं बघायचं चालू असताना, तेल गरम असताना. बंद केलं की कूलरमधलं, पंख्यांमधलं तेल खाली उतरतं आणि काडी पोटभर जेवल्यासारखी दिसते. चालू केलं की तेच तेल वर जातं. त्यात यावेळी कूलर मोठा. उभ्या चढावर उरलंसुरलं तेल मागे सरकलं आणि गिअरबॉक्सचा पंप तेलाऐवजी वारा ओढत बसला.

"चूक कोणाची?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"आमची," सूनबाई म्हणाली. "मी पुन्हा बघायला हवं होतं."

"तिची नाही, माझी," सासरे दार उघडून उतरलेसुद्धा. "तिने मला दोनदा शिकवलं होतं. हात जुन्या सवयीने चालले. सूनबाई, इंजिन चालूच ठेव!"

इंजिन धडधडत असताना त्यांनी काडी उपसली. कोरडी ठणठणीत! मग काय विचारता! नणंदेने तेलाचा कॅन काढला, सासऱ्यांनी नरसाळं धरलं, आणि व्यवस्थापकांच्या हातात कधी फडकं आलं ते त्यांनाही कळलं नाही. अर्धा लिटर. "अजून!" आणखी अर्धा. "अजून ओत!" दीड लिटर गेल्यावर काडीवर तेलाची लालचुटूक रेघ उमटली, आणि म्हातारा लहान पोरासारखा ओरडला, "आली! खुणेवर आली!"

काटा नव्वदच्या खाली येईपर्यंत सगळे गाडीभोवती उभे राहिले. मग सूनबाईने देवाचं नाव घेतलं आणि त्याच चढाला पुन्हा नाक लावलं.

गाडी चढली. अडखळली नाही, भुंकली नाही. पिंपांतलं पाणी हिंदकळत होतं आणि ती एका श्वासात चढत होती. सातवा किलोमीटर, आठवा. काटा अठ्ठ्याऐंशी. व्यवस्थापक आता दोन सीटांच्या मधून पुढे वाकले होते. "दाबा बटण, दाबा! आता सोडू नका!"

"साहेब, गाडी मी चालवतेय!"

"चालवा हो, पण दाबा!"

वस्तीच्या पाराशी गाडी थांबली तेव्हा काटा नव्वदला होता. नणंद पेटी घेऊन उतरली, आणि माणसांनी तिला वेढून टाकलं. व्यवस्थापक खाली उतरले, बॉनेटवर तळहात टेकवला.

"गाडी विकायची नाही," ते म्हणाले. मग डोंगराच्या वर वळत गेलेल्या वाटेकडे बोट दाखवत विचारलं, "ही कुठे जाते?"

"वर आणखी एक वस्ती आहे," गर्दीतून नणंद म्हणाली. "तिथे आजवर गाडी गेलेली नाही."

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेचा हात अजून गिअरच्या दांड्यावरच होता.

"ताई, तुमचे पेशंट किती वेळात आटपतील?"